वरून आला की खालीच बनला? मुळातल्या ‘३९९’चे प्रकरण

स्फुरद (फॉस्फरस, जे झाड फॉस्फेटच्या रूपात घेते) कमी पडले की अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लहानशा रोपाच्या मुळांत २१ न्यूक्लिओटाइड, म्हणजे २१ अक्षरे, लांबीचा एक आरएनए झपाट्याने वाढतो. त्याचे नाव मायक्रोआरएनए ३९९. पुढे त्याला नुसते ‘३९९’ म्हणू. त्याची जनुके झाडात सहा आहेत, अ ते फ, आणि ती मुळातही चालतात, पानातही. मग मुळात सापडलेला ३९९ मुळाने स्वतः बनवला, की पानांनी बनवून रसवाहिनीतून, म्हणजे साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांतून, खाली धाडला? २००८ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे या प्रश्नाचा निकाल लावला. एक जर्मनीत पॉट्सडॅमजवळच्या गोल्म इथल्या माक्स प्लांक संस्थेतला, दुसरा तैपेईच्या अकाडेमिया सिनिकातला. उत्तर एका ओळीत मावते: पानांतून मुळाकडे जातो, उलट जात नाही. पण ती ओळ ठामपणे लिहिता यावी यासाठी काय काय नाकारावे लागले, ते समजून घेणे अधिक मोलाचे. हीच मांडणी करू पाहणारे बरेच प्रयोग नेमके त्याच जागी ढासळतात.

ब्रेक कुठे आहे

आधी साखळी पाहू. ‘फो२’ नावाचे एक जनुक आहे. त्याचे प्रथिन इतर काही प्रथिनांना युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावून मोडीत काढायला मदत करते. मोडीत निघणाऱ्यांत दोन महत्त्वाची: जमिनीतून फॉस्फेट आत ओढणारे वाहक, आणि ‘फो१’, म्हणजे मुळात आलेले फॉस्फेट जलवाहिनीत चढवून वर पाठवणारे प्रथिन. थोडक्यात, फो२ हा ब्रेक. ३९९ या फो२च्या संदेशवाहक आरएनएला (जनुकाच्या ज्या नकलेवरून प्रथिन बनते तिला) चिकटतो आणि तो तोडवतो. चिकटण्याच्या जागा एक नाही, ओळीने पाच, आणि त्या प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याआधीच्या पट्ट्यात आहेत. ३९९ वाढला की ब्रेक सुटतो आणि फॉस्फेट वर जाऊ लागते.

फो२मध्ये बिघाड असलेले रोप १९९५पासून माहीत होते. त्याच्या पानांत फॉस्फेट भरमसाट साठते, इतके की जुन्या पानांच्या कडा जळतात. बिघाड कोणत्या जनुकात, हे २००६ साली कळले: एका बदलामुळे प्रथिनाचा मजकूर मध्येच तुटत होता. त्याच वर्षी कलमांनी आणखी एक गोष्ट उघड केली. निरोगी शेंड्याखाली (शेंडा म्हणजे इथे मुळावरचा सगळा भाग) बिघडलेले मूळ जोडले तर पाने फॉस्फेटने भरतात. बिघडलेला शेंडा निरोगी मुळावर बसवला तर काही होत नाही. म्हणजे ब्रेकचे पेडल मुळात आहे, परिणाम मात्र पानात दिसतो.

इथूनच शंका सुरू होते. टंचाई सुरू होताच ३९९ची जनुके शेंड्यात आधी जागी होतात, मुळात मागाहून. मातीला टेकलेले मूळ, आणि आरडाओरडा आधी पानांचा. मुळाच्या एका टोकाला मातीचा एक कोपराच कळतो. झाडाला एकूण किती हवे आहे याचा अंदाज पानांनाच असतो. ही अटकळ पटण्याजोगी आहे, पण पटण्याजोगी अटकळ म्हणजे पुरावा नव्हे.

पहिला पुरावा: रस

३९९ प्रवास करत असेल तर तो वाटेत सापडला पाहिजे. अरॅबिडॉप्सिसमधून रसवाहिनीचा स्वच्छ रस काढणे जवळपास अशक्य, म्हणून त्याचे मोठे नातेवाईक असलेले रेपसीड हे मोहरीवर्गीय तेलबियांचे पीक वापरले गेले. फुलोऱ्याच्या दांड्याला बारीक निर्जंतुक सुईने टोचायचे, पहिला थेंब टिपून टाकायचा, आणि पुढचे थेंब बर्फावर ठेवलेल्या नळीत गोळा करायचे. पहिल्या थेंबात फुटलेल्या पेशींचा ऐवज असतो, त्यामुळे तो टाकलाच पाहिजे.

भोपळ्याचे देठ कापले की भराभर रस येतो, म्हणून नवशिक्यांना भोपळा आवडतो. पण भोपळ्याला रसवाहिन्यांची दोन जाळी असतात. कापल्यावर बाहेर पडणारा रस बहुतांशी बाहेरच्या जाळ्यातला असतो. साखर लांबवर नेणाऱ्या मुख्य गुच्छांचा तो प्रतिनिधी नव्हे. शिवाय जलवाहिनीतले पाणीही त्यात मिसळते. भोपळ्याच्या रसात ३९९ सापडला हे खरे, आणि उपयोगीही, पण एकट्या त्याच्या भरवशावर मी निष्कर्ष काढणार नाही.

रस शुद्ध आहे की नाही, हे असे तपासायचे. एक, रुबिस्को या प्रकाशसंश्लेषणातल्या विकराच्या लहान उपघटकाचा संदेशवाहक आरएनए. तो हरितपेशींत अमाप असतो आणि चाळणी नलिकेत, म्हणजे रस वाहणाऱ्या नळीत, नसावा. रसात तो उमटला तर नमुना टाकून द्यायचा. दोन, थायोरेडॉक्सिन-एचसारखा रसात नेहमी आढळणारा आरएनए. तो उमटलाच पाहिजे, नाहीतर आरएनए काढण्यातच चूक झाली आहे. तीन, थोड्या रसात बाहेरचा आरएनए मिसळून तासभर खोलीच्या तापमानाला ठेवायचा आणि जेलवर, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, चालवायचा. चांगल्या रसात आरएनए मोडणारी विकरे जवळपास नसतात, त्यामुळे पट्टा जसाच्या तसा राहतो. पट्टा पसरला तर पेशी फुटल्या आहेत असे समजावे.

रेपसीडची रोपे स्फुरदाविना वाढवली तेव्हा रसातला ३९९ प्रचंड वाढला. गंधकाच्या टंचाईत मायक्रोआरएनए ३९५ वाढला आणि तांब्याच्या टंचाईत मायक्रोआरएनए ३९८. म्हणजे हा निव्वळ कचरा वाहत जात नाही, तर टंचाईनुसार रसातला मजकूर बदलतो. तरीही ‘वाटेत दिसला’ म्हणजे ‘पोचला आणि काम केले’ असे होत नाही. त्यासाठी कलमच बांधावे लागते.

कलम

कोकणात आंब्याचे कोय कलम बांधणाऱ्याला तत्त्व वेगळे सांगायला नको: खुंट एकाचा, काडी दुसऱ्याची, आणि जोडावर पेशीला पेशी भिडली पाहिजे. फरक एवढाच की इथे खुंट ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाडीचा असतो आणि सगळे काम सूक्ष्मदर्शकाखाली चालते.

बी निर्जंतुक करून २ ते ४ दिवस ४ अंश सेल्सियसवर अंधारात ठेवतात, मग अर्ध्या ताकदीच्या मुराशिगे-स्कूग या क्षारयुक्त पोषक माध्यमावर, उभ्या ठेवलेल्या पेटीत उगवतात. प्रकाश थोडा मंद ठेवला की बीजपत्रांखालचा दांडा लांबतो आणि पकडायला सोपा जातो. चार-पाच दिवसांच्या रोपाचा हा दांडा नव्या पात्याने एका झटक्यात आडवा कापायचा. करवत चालवली की पेशी चुरडतात आणि जोड धरत नाही. एक पाते १० ते १५ रोपांना पुरते, मग बदलावे. शेंडा आणि मूळ ०.३ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या सिलिकॉन नळीच्या २ मिलिमीटर तुकड्यात समोरासमोर आणायचे, किंवा ओल्या गाळणकागदावर पसरलेल्या नायलॉन पडद्यावर नुसते भिडवून ठेवायचे. दुसरी पद्धत हाताला अवघड, पण नळीत दांडा गुदमरण्याचा त्रास वाचतो. पाण्याची नुसती पातळ फिल्म हवी. जास्त झाले तर तुकडे तरंगून सरकतात. कमी झाले तर कापलेले टोक काही मिनिटांत सुकते.

२७ अंशांच्या आसपास जोड लवकर धरतो. साधारण तिसऱ्या दिवशी रसवाहिन्या जुळतात, पाचव्या दिवशी मूळ पुन्हा वाढू लागते आणि सातव्या दिवसाच्या सुमारास जलवाहिन्या जुळतात. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण चौथ्या-पाचव्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात खालचा आरएनए आलेला असू शकतो, पण वरचे फॉस्फेट मोजण्यात अर्थ नसतो.

आता या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक. जोडाच्या वर, शेंड्याकडच्या कापलेल्या टोकाला आगंतुक मुळे फुटतात. सुरुवातीला ती पांढऱ्या टिंबाएवढी असतात. दोन दिवस दुर्लक्ष केले तर ती खाली माध्यमात उतरतात आणि खऱ्या मुळात मिसळून जातात. तुम्ही ‘निरोगी मूळ’ म्हणून जे गोळा करता त्यात शेंड्याच्या जातीची मुळे असतात, आणि अर्थातच त्यात ३९९ धो धो सापडतो. आकडा सुंदर आणि सपशेल खोटा. म्हणून कलमानंतर रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि टिंब दिसताच पात्याने खरवडायचे. सात-आठ दिवसांनी ज्याचे एकच मूळ जोडाच्या खालून निघते आणि शेंडा चिमट्याने हलकेच उचलला तर सुटत नाही, तेवढीच रोपे पुढे न्यायची. हात बसेपर्यंत निम्मी वाया जातात, त्यामुळे प्रत्येक जोडीची ३० ते ४० कलमे बांधावीत.

जोड्या कोणत्या? ३९९ मुद्दाम अमाप बनवणारी वाण ‘अति’ म्हणू आणि साधी वाण ‘साधी’ म्हणू. वर/खाली असे वाचा: साधी/साधी, अति/साधी, साधी/अति, अति/अति. सोबत साधी/फो२ आणि फो२/साधी, म्हणजे ब्रेक तुटल्यावर पाने कशी दिसतात याची मोजपट्टी हाताशी राहते. साधी/साधी हे कलम वगळून न कापलेल्या रोपाशी तुलना करणारे लोक भेटतात. कापण्याची जखम स्वतःच जनुके हलवते, तेव्हा ते करू नये.

मूळ गप्प कसे ठेवले

या मांडणीतली खरी खुबी इथे आहे. कलमे स्फुरद भरपूर असलेल्या पाण्यात वाढवली, उदाहरणार्थ २५० मायक्रोमोलर पोटॅशियम फॉस्फेट. पोट भरलेल्या साध्या मुळात ३९९ची स्वतःची जनुके जवळपास बंद असतात. मग अति/साधी कलमाच्या मुळात ३९९ दिसला तर तो तिथे बनलेला असण्याची शक्यता उरत नाही. उलट ब्रेक सुटून आणखी फॉस्फेट आत आले की मुळातली जनुके अधिकच घट्ट बंद होतील. म्हणजे चूक झालीच तर ती आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाईल. प्रयोगाला याहून चांगली स्थिती क्वचितच मिळते.

निकाल असा आला: अति/साधी कलमाच्या मुळात परिपक्व ३९९ भरपूर, फो२चा आरएनए घटलेला आणि पानांत फॉस्फेट साठलेले. साधी/अति कलमाच्या पानांत ३९९ वाढला नाही. रसवाहिनीचा प्रवाह साखर बनवणाऱ्या अवयवाकडून खर्च करणाऱ्याकडे जातो. वाढ पूर्ण झालेल्या पानाकडे मुळातून रस चढत नाही.

एक पळवाट उरते. २१ अक्षरांचा तुकडा नव्हे, तर त्याचा लांब कच्चा आरएनए खाली उतरला आणि मुळात कापला गेला, असे का नसेल? म्हणून कच्चा आरएनए वेगळा मोजावा लागतो. गोल्मच्या गटाने तो साध्या मुळात मोजला आणि तो नगण्य निघाला, परिपक्व तुकडा मात्र भरघोस. प्रवासी ठरला तो तयार माल.

मोजताना काय फसते

मुळाचे नमुने घेताना जोडाच्या दोन्ही बाजूंचे निदान ५ मिलिमीटर सोडून द्यावेत. जोडावर दोन्ही वाणांच्या पेशी एकमेकांत घुसलेल्या असतात. हरितलवकातले जनुकीय द्रव्यसुद्धा जोड ओलांडते, हे तंबाखूच्या कलमांत २००९ साली दिसले आहे. मुळाच्या डीएनएवर बाहेरून घातलेल्या जनुकाची पीसीआर तपासणी (ठरावीक तुकड्याच्या नकला वाढवून तो शोधणे) करायची, ती कोरी आली पाहिजे. राहून गेलेले आगंतुक मूळही त्यातच सापडते.

आरएनए काढताना नेहमीच्या स्तंभांचा, म्हणजे आरएनए धरून ठेवणाऱ्या गाळण नळ्यांचा, मोह टाळा. बहुतेक साधे स्तंभ २०० न्यूक्लिओटाइडांखालचे तुकडे धुऊन टाकतात आणि ३९९ नेमका त्यातच जातो. फिनॉल-ग्वानिडीन पद्धतीने काढून, आयसोप्रोपॅनॉलमध्ये उणे २० अंशांवर रात्रभर ठेवून बसवलेला बरा. जेल करायचे तर १५ टक्के पॉलिअॅक्रिलअमाइड, ७ ते ८ मोलर युरिया, प्रत्येक खणात निदान १० मायक्रोग्रॅम आरएनए. कलमाच्या मुळांतून एवढा आरएनए गोळा करायला बरीच रोपे लागतात. म्हणून आठ-दहा मुळांचा एक पुंजका असे किमान तीन पुंजके करून स्टेम-लूप पद्धतीची, म्हणजे लहान आरएनएसाठीची खास, पीसीआर करणे व्यवहार्य ठरते. तिला नॅनोग्रॅम पुरतात.

पण तिथेही एक मेख आहे. ३९९अ आणि ३९९ब यांच्यात फक्त तेराव्या जागेवरचे एक अक्षर वेगळे आहे: एकात यू, दुसऱ्यात जी. ब आणि क तर हुबेहूब सारखेच. जेलवरचा शोधक धागा या सगळ्यांना मिळून पकडतो. ‘आम्ही ३९९ब मोजला’ असे लिहिणाऱ्याने तो कशाने वेगळा ओळखला, हे सांगायला हवे.

फो२ मोजतानाची चूक आणखी छुपी. ३९९ फो२चा आरएनए सुरुवातीच्या पट्ट्यात तोडतो. तुटल्यावर उरलेला लांब तुकडा काही काळ टिकून राहू शकतो. पीसीआरचे प्रायमर, म्हणजे मोजायच्या भागाची हद्द ठरवणारे छोटे धागे, त्या उरलेल्या भागावर बसवले तर फो२ घटलेलाच दिसत नाही आणि ‘३९९ पोचला पण काम करत नाही’ असा निष्कर्ष निघतो. प्रायमर तुटण्याच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना हवेत.

पानातले फॉस्फेट मोजायला जुनी मॉलिब्डेट पद्धत आजही उत्तम. पान १ टक्का अॅसेटिक आम्लात वाटून गाळ काढायचा. ०.३ मिलिलिटर अर्कात ०.७ मिलिलिटर अभिकारक घालायचा: १ नॉर्मल गंधकाम्लातले ०.४२ टक्के अमोनियम मॉलिब्डेट सहा भाग आणि १० टक्के अॅस्कॉर्बिक आम्ल एक भाग. ४५ अंशांवर २० मिनिटे ठेवून ८२० नॅनोमीटरला वाचायचे. अभिकारक त्याच दिवशी मिसळायचा. शिळ्या अभिकारकात निळा रंग आपसूक चढतो. काचेची भांडी फॉस्फेट असलेल्या साबणाने धुतली की नियंत्रण नमुनाही निळा येतो. एखाद्या वर्गात सगळ्यांचेच आकडे एकदम वाढले तर पहिला संशय धुण्याच्या पावडरीवर घ्यावा.

आक्षेप, आणि तो रास्तच आहे

अति वाणीत ३९९ नैसर्गिक पातळीच्या कितीतरी वर असतो. धरण भरून वाहिले की पाणी कुठेही शिरते, त्यावरून पाट होता असे सिद्ध होत नाही. माझ्या मते अति/साधी कलमाने ‘जाऊ शकतो’ एवढेच सिद्ध होते. ‘जातो’ यासाठी इतर दोन गोष्टींचा आधार घ्यावा लागतो. पहिली, रेपसीडचा रस: तिथे कोणतेही जनुक बाहेरून घातलेले नव्हते आणि टंचाईने एकट्याने तो भरला. दुसरी, वेळ: टंचाईच्या सुरुवातीला शेंड्यातली जनुके आधी चालू होतात आणि मुळातली मागाहून, म्हणजे मुळाची स्वतःची यंत्रणा पुरती जागी होण्याआधी वरून माल सुटतो.

३९५ या गंधकाच्या नातेवाइकासाठी पुढे आणखी नेटकी युक्ती वापरली गेली. ‘हेन१’ हे विकर लहान आरएनएच्या शेपटाला मिथाइल गट लावून त्याला टिकाऊ करते. ते नसेल तर शेपटाला यू चिकटत जातात आणि तुकडा कुजतो. हेन१ नसलेल्या मुळावर साधा शेंडा बसवला की मूळ स्वतः टिकाऊ माल बनवू शकत नाही. तिथे जे टिकलेले सापडते ते वरून, आणि वरच्या शेंड्यात काहीही अतिरेकी नसते. अति वाणीपेक्षा हा पुरावा मला अधिक पटतो.

एवढासा माल पुरतो कसा

दुहेरी धाग्याचा २१चा तुकडा वजनाने १४ किलोडाल्टनच्या आसपास. सहपेशीत, म्हणजे चाळणी नलिकेला लागून असलेल्या पेशीत, बनवलेले २७ किलोडाल्टनचे हिरवे चमकणारे प्रथिन आपोआप चाळणी नलिकेत शिरते आणि थेट मुळाच्या टोकापर्यंत वाहत जाऊन बाहेर पडते, हे पूर्वीच पाहिलेले आहे. म्हणजे दार पुरेसे मोठे आहे. वेगाची अडचण तर नाहीच: रसवाहिनीत १ सेंटिमीटर जायला साधारण मिनिटभर लागते. अरॅबिडॉप्सिसच्या रोपात जो तासांचा उशीर दिसतो तो वाटेतला नव्हे, माल बनण्याचा आणि साठण्याचा.

शिवाय पत्ता वाटेलगतच आहे. फो१ काम करते ते मुळाच्या मधल्या गाभ्यात, जलवाहिन्यांना लागून असलेल्या पेशींत. रसवाहिनी त्याच गाभ्यात संपते. ३९९ला सालीपर्यंत पसरायचेच नाही. शेजारच्या चार-दोन पेशींत उतरले की काम झाले. म्हणून आख्ख्या मुळाचा अर्क काढून मोजलेला ३९९ कमी दिसला तरी त्या पेशींपुरता तो पुरेसा असू शकतो. याच कारणाने ‘मुळात फक्त इतका पट’ अशा आकड्यांवरून परिणाम ठरवू नये. फो२ आणि पानातले फॉस्फेट सोबत पाहावे.

मुळाकडेही उत्तर तयार असते. टंचाईत ‘आयपीएस१’ नावाचा एक आरएनए वाढतो. तो ३९९ला चिकटतो, पण नेमक्या तुटण्याच्या जागी, दहाव्या-अकराव्या अक्षराच्या मध्ये, त्याला तीन अक्षरांचा फुगवटा आहे, त्यामुळे तो तुटत नाही. ३९९ त्याच्यावर अडकून बसतो आणि फो२ वाचतो. २००७ साली हे उघड झाले. जेलवर किंवा पीसीआरमध्ये मोकळा ३९९ आणि असा अडकलेला ३९९ सारखाच मोजला जातो. टंचाईच्या दहाव्या दिवशी मुळात ३९९चा पट्टा जाडजूड दिसूनही फो२ अपेक्षेइतका घटलेला नसेल, तर प्रयोग चुकला असे समजण्याआधी त्याच आरएनएमध्ये आयपीएस१ मोजून बघावा.